रात्रीची चावी

दर वर्षी २८ डिसेंबरला संध्याकाळी आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये चार-पाच जण जमतात. मला अमेरिकेत मेम्फिसला येऊन पंचवीस वर्षं उलटून गेली, त्यातली निदान सोळा वर्षं मी या बैठकीला जाते आहे. तिथे मी वयाने सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत उशिरा आलेली. बाकीचे सगळे १९७२ साली याच गावात अठरा-वीस वर्षांचे होते. मी तेव्हा जन्मालाही आले नव्हते. माझा जन्म १९७३ चा, जळगावचा. तरी त्या गॅरेजमध्ये माझी खुर्ची ठरलेली आहे, टेप रेकॉर्डरच्या डाव्या हाताला.

आम्ही जमतो ते बिग स्टार या बँडसाठी. तारीखही त्यांचीच. २८ डिसेंबर १९५० हा ॲलेक्स चिल्टनचा जन्मदिवस. आणि २८ डिसेंबर १९७८ रोजी, म्हणजे चिल्टनला अठ्ठावीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, क्रिस बेलवर अंत्यसंस्कार झाले. आदल्या दिवशी पॉप्लर अव्हेन्यूवर त्याची गाडी दिव्याच्या खांबावर आदळली होती. सत्तावीस वर्षांचा होता. दोघांनी मिळून जी एकच रेकॉर्ड केली, तिच्यावर गाण्यांखाली दोघांची नावं एकत्र आहेत, बीटल्सचे लेनन-मॅकार्टनी लिहायचे तशी. त्यामुळे आमच्याकडे त्या संध्याकाळी केकही असतो आणि थोडा वेळ कुणी बोलतही नाही.

यंदा तिथे जे घडलं ते लिहून ठेवायचं आहे. पण त्याआधी बरंच सांगावं लागेल, कारण आपल्या माणसांत बिग स्टार ऐकलेले मला आजवर दोघे-तिघेच भेटले. एक गाणं मात्र तुमच्यापैकी पुष्कळांच्या कानावरून गेलं असेल. 'दॅट सेव्हंटीज शो' या मालिकेच्या सुरुवातीला गाडीत कोंबून बसलेली पोरं जे गाणं गातात, ते मूळ यांचं 'इन द स्ट्रीट'. बेल आणि चिल्टनचं, १९७२ सालचं.

चार मुलं होती. चिल्टन आणि बेल गिटार वाजवायचे आणि गायचे, अँडी हमल बास, जोडी स्टीफन्स ड्रम. चिल्टन तर आधीच देशभर गाजून आलेला. बॉक्स टॉप्स बँडचं 'द लेटर' १९६७ साली अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्यातला तो घोगरा, थकल्या माणसाचा वाटणारा आवाज या सोळा वर्षांच्या पोराचा होता. ते सगळं सोडून तो परत आला तोवर बेल मित्रांना घेऊन रात्री-रात्री स्टुडिओत बसायला लागला होता. चिल्टन त्यांच्यात सामील झाला आणि १९७१ मध्ये बँड उभा राहिला. नाव मिळालं ते समोरच्या दुकानाच्या पाटीवरून. बिग स्टार हे किराणा-भाजीच्या दुकानांच्या साखळीचं नाव होतं. रेकॉर्डिंगच्या मधे भूक लागली की पोरं तिथे जायची. जळगावात एखाद्या बँडने ग्राहक भांडाराचं नाव घ्यावं, तसंच. पहिल्या रेकॉर्डचं नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड'. कव्हरवर निऑनचा तारा आणि ताऱ्याच्या पोटात 'बिग' एवढीच अक्षरं. शेजारी म्हणतात, त्या नावात घमेंड अजिबात नव्हती, आशा होती. मला ते पटतं.

(शेजाऱ्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. बहात्तर वर्षांचे आहेत, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं.)

आता स्टुडिओबद्दल. माझ्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीचा गाभा तिथेच आहे.

स्टुडिओचं नाव आर्डेंट, आणि तो काढणारा जॉन फ्राय. फ्रायने शाळेत असताना घरातल्या शिवणकामाच्या खोलीत रेकॉर्डिंगची यंत्रं मांडली होती. सोबत दोन मित्र. त्यातला एक फ्रेड स्मिथ, ज्याने पुढे फेडेक्स ही कुरिअर कंपनी काढली. माझा नवरा ज्या फेडेक्समुळे इथे आला, त्याच्यासोबत आम्हीही आलो, मेम्फिसमधली निम्मी मराठी घरं ज्या कंपनीभोवती वसली आहेत, तिचा संस्थापक पोरवयात फ्रायबरोबर रेकॉर्डा काढत होता! हे मला कळलं तेव्हा मी शेजाऱ्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. १९६६ मध्ये आर्डेंट नॅशनल स्ट्रीटवर गेला आणि १९७१ च्या अखेरीला मॅडिसन अव्हेन्यूवरच्या नव्या इमारतीत. पहिली रेकॉर्ड सुरू झाली जुन्या जागेत आणि पुरी झाली नव्या जागेत.

दिवसा तिथे मोठमोठ्या लोकांची कामं चालायची. आयझॅक हेजची कामं तिथे झाली. लेड झेपेलिनच्या तिसऱ्या रेकॉर्डचं मिक्सिंग १९७० मध्ये इथेच झालं, टेरी मॅनिंगने केलं. गिऱ्हाइकाने तासाला पैसे मोजायचे, अशी महागडी जागा. आणि फ्राय काय करायचा? बेल, हमल आणि त्यांच्या आणखी काही मित्रांना बसवून शिकवायचा. कुठला माइक कुठे लावायचा, पातळी किती ठेवायची, टेप कशी हाताळायची. नीट जमायला लागलं अशी खात्री पटली की हातात चावी द्यायचा. रात्री स्टुडिओ रिकामा असतो, या आणि तुमचं काम करा.

चावी! विशी न ओलांडलेल्या पोरांच्या हातात, लाखो रुपयांच्या यंत्रांची.

हे वाचून मी इतकी का हलते, ते सांगायचं तर जळगाव आकाशवाणीत जावं लागेल. १९९३ पासून पाच वर्षं मी तिथे नैमित्तिक उद्घोषक होते. महिन्यातून पाच-सहा ड्यूट्या. तिसऱ्या सभेची ड्यूटी असली की रात्री अकराच्या पुढे सभा संपायची, निवेदन झालं, ट्रान्समिशन बंद झालं की गाडी येईपर्यंत अर्धा-पाऊण तास हातात असायचा. आमच्या एका इंजिनिअर साहेबांनी एकदा मला डबिंग रूममध्ये नेलं. कपाटातून रद्दीत काढलेलं एक स्पूल काढलं, समोर ब्लेड ठेवलं आणि म्हणाले, "काप."

मी घाबरले. ते म्हणाले, "अहो, फेकायचीच टेप आहे. चुका करून घ्या, इथंच करून घ्या."

टेप यंत्राला लावायची, दोन्ही चकत्या हाताने धरून मागेपुढे करायच्या, हेडवरून टेप सरकते तसा आवाज खर्जात घुमत येतो, त्यात शब्द कुठे सुरू होतो ते कानाने पकडायचं. तिथे मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची. मग टेप पितळी खाचेत बसवून ब्लेडने तिरकी कापायची. तिरकी का, तर सरळ कापली की सांधा हेडवरून जाताना 'टक' वाजतो. तिरक्या कापाने आवाज एकात एक मिसळत जातो. मग पाठीमागून चिकटपट्टी. सेकंदाला साडेसात इंच टेप जाते, म्हणजे 'क' म्हणेपर्यंत दीड इंच गेली. बोलताना माणूस श्वास घेतो तो केवढा लांब असतो हे मी टेपवर बोटांनी मोजलेलं आहे. एका शेतकरी मुलाखतीतून मी सगळे श्वास काढून टाकले होते, साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, माणूस मेला की तुमचा. परत घाला. मी रात्री साडेबारापर्यंत जमिनीवरचे तुकडे शोधत बसले होते.

त्या साहेबांनी मला शिकवायचं काही कारण नव्हतं. नैमित्तिक उद्घोषकाने एडिटिंग करावं असा नियमही नव्हता. पण त्या रात्रींमुळे मला आवाज कळायला लागला. जॉन फ्रायची गोष्ट ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते साहेब आणि ते पिवळ्या पेन्सिलीचं टोक.

शेजाऱ्यांशी ओळखही त्याच कारणाने झाली. एका उन्हाळ्यात त्यांच्या गॅरेजचं शटर वर होतं आणि आतून गिटारचा फार लख्ख आवाज येत होता. मी वाकून पाहिलं तर बाकावर स्पूलचं यंत्र. मी जवळपास ओरडलेच. आत जाऊन विचारलं, हात लावू का? त्यांनी मान डोलावली. मी टेप काढली, पुन्हा ओवली, दोन्ही चकत्यांना ताण दिला. ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हे तू कुठे शिकलीस?" जळगाव कुठे आहे हे सांगण्यात तो सगळा दुपारचा वेळ गेला. पुढच्या डिसेंबरला बोलावणं आलं.

'नंबर वन रेकॉर्ड' त्या मुलांनी कशी केली हे कानाने ऐकता येतं. बेल आवाजांवर आवाज चढवत जायचा. एका ट्रॅकवर गायचं, ते ऐकत दुसऱ्यावर तेच पुन्हा गायचं, मग तिसऱ्यावर वरचा सूर. आज संगणकात हे खेळ आहे. तेव्हा प्रत्येक ट्रॅक टेपवरची खरीखुरी पट्टी असायची, आणि ओळ बिघडली की त्या ओळीपुरतंच रेकॉर्डिंगचं बटण दाबून पुन्हा गायचं, ओळ संपताक्षणी सोडायचं. अर्धा क्षण उशीर झाला तर पुढची चांगली ओळ पुसली जाणार, कायमची. बेल हे रात्रभर करायचा. चिल्टनला ते कंटाळवाणं वाटायचं, त्याला एकदम वाजवलेलं आवडायचं. आणि शेवटी मिक्सिंगला फ्राय. या रेकॉर्डीत गिटारच्या वरच्या तारा ज्या स्वच्छ, पहाटेच्या भांड्यांसारख्या वाजतात, ते फ्रायचं काम. कुठेही आवाज आवाजावर बसत नाही.

'थर्टीन' ऐका. ड्रम नाहीत. गिटार आणि एकमेकांना चिकटून गाणारे आवाज. तेरा वर्षांचा मुलगा मैत्रिणीला विचारतोय, शाळेतून घरापर्यंत तुझ्यासोबत येऊ का. हेडफोन लावून हळू आवाजात ऐकलं की तारेवरून बोट सरकतं तेही ऐकू येतं. तो आवाज कुणी कापला नाही, ठेवला. श्वास ठेवण्यासारखंच हे.

आणि पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, 'द इंडिया साँग'. ते हमलने लिहिलं. भारतात जावं, जंगलात मोठ्या पांढऱ्या घरात राहावं, जिन पीत पियानो वाजवावा, अशी कल्पना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार टोचलं होतं; हा साहेबांचा भारत, यात आम्ही कुठे आहोत? आता टोचत नाही. मेम्फिसच्या दमट उन्हाळ्यात वीस वर्षांच्या मुलाला दूर कुठेतरी जावंसं वाटलं, आणि त्याला त्या दूरच्या जागेचं जे नाव सुचलं ते आपलं होतं. जळगावच्या गच्चीत झोपून मीही अमेरिकेची अशीच चित्रं रंगवली होती, आणि त्यांतही खरी माणसं नव्हती.

आता रेकॉर्ड निघाल्यानंतरचं. इथे आमच्या बैठकीतले दुसरे गृहस्थ बोलतात, जे १९७२ मध्ये गावातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात कामाला होते. मासिकांत परीक्षणं अशी आली होती की कुणालाही हेवा वाटावा. वाचून लोक दुकानात यायचे. आणि रेकॉर्डच नसायची! आर्डेंटचा माल विकायची जबाबदारी स्टॅक्सकडे होती. स्टॅक्स मेम्फिसचीच, पण सोल संगीताची, म्हणजे काळ्या गायकांच्या गाण्यांची कंपनी; गोऱ्या पोरांचं गिटारवालं रॉक कुठल्या दुकानात, कुठल्या रेडिओवर पोचवायचं ही त्यांची वाट नव्हती. मग त्याच वर्षी स्टॅक्सने कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, आणि जुने वितरक तुटले पण नवे काही धडपणे लागले नाहीत. माल गोदामात आणि गिऱ्हाईक दुकानात. हे गृहस्थ सांगतात, काउंटरखाली वही होती, तीत मागणी लिहायचो. बिग स्टारपुढे सहा वेळा 'नाही' लिहिल्यावर सातव्या वेळी मी लिहिणंच सोडलं. पन्नासेक वर्षं झाली, पण हे सांगताना त्यांचा चेहरा अजून उतरतो. जणू त्यांच्याच हातून ते झालं. दहा हजारांच्याही आत प्रती खपल्या.

बेल त्यानं खचला. त्याचा जीव त्या रेकॉर्डीत होता. भांडणं झाली, मारामाऱ्याही झाल्या, आणि १९७२ संपता संपता तो निघून गेला. बँड जवळपास मोडलाच.

मग १९७३ चा मे महिना. आर्डेंटने देशभरातल्या संगीत-लेखकांना मेम्फिसला बोलावलं, शंभराहून जास्त जण आले, आणि ओव्हर्टन स्क्वेअरमधल्या लाफाएट्स म्युझिक रूममध्ये कार्यक्रम ठेवला. बिग स्टारचे उरलेले तिघे पुन्हा एकत्र येऊन वाजवायला उभे राहिले. आमच्या बैठकीतल्या बाई त्या रात्री तिथे ट्रे घेऊन फिरत होत्या. कॉलेजच्या सुट्टीत वेट्रेसचं काम करायच्या. मी त्यांना दर वर्षी तेच विचारते आणि त्या दर वर्षी थोडं वेगळं सांगतात. यंदा म्हणाल्या, "मला ट्रे घेऊन पलीकडे जाताच येईना. वह्या घेऊन आलेली माणसं नाचत होती. टीका लिहिणारी माणसं नाचतात हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं." आणि मग, नेहमीप्रमाणे, ड्रमवाला फार देखणा होता हेही.

त्या रात्रीमुळे दुसरी रेकॉर्ड झाली. 'रेडिओ सिटी', फेब्रुवारी १९७४. आता बेल नाही, चिल्टन मोकळा. सगळं जास्त ओबडधोबड, जास्त हवेशीर. त्यातलं 'सप्टेंबर गर्ल्स' हे तीन मिनिटांच्या आतलं गाणं. हे गाणं जगातल्या प्रत्येक माणसाने एकदा तरी ऐकावं असं मला वाटतं, त्यावर मी वाद घालायलाही तयार आहे. कव्हरवर विल्यम एगल्स्टनचा फोटो: लाल छत, मधे नागवा दिवा, त्यातून निघालेल्या पांढऱ्या वायरी. एगल्स्टन चिल्टनच्या घरच्यांचा स्नेही. ही रेकॉर्डही तशीच अडकली, वीसेक हजार खपली असेल. हमल कॉलेज पुरं करायला निघून गेला आणि पुढे विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर झाला.

बेल मोठा की चिल्टन, यावर गॅरेजमध्ये दर वर्षी भांडण होतं. दुकानवाले बेलच्या बाजूचे. ते म्हणतात, पहिल्या रेकॉर्डीतला प्रकाश बेलचा आहे, आणि पुरावा म्हणून 'आय ॲम द कॉस्मॉस' लावतात. ते त्याने बँड सोडल्यावर केलं, आणि १९७८ मध्ये, मरण्याआधी थोडे महिने, एका छोट्या कंपनीने ते छापलं. वेट्रेसबाई चिल्टनच्या. मी आणि शेजारी फ्रायच्या बाजूचे. आमची बाजू लहान आहे, पण आम्ही हटत नाही.

तिसऱ्या रेकॉर्डीबद्दल मी थोडंच लिहिणार. १९७४ च्या उत्तरार्धात चिल्टन आणि स्टीफन्सने प्रोड्यूसर जिम डिकिन्सनबरोबर आर्डेंटमध्ये ती केली. कुठल्याच कंपनीला नको झाली, १९७८ साली कशीबशी निघाली. ती मला वर्षातून एकदाच ऐकवते. एका माणसाचं मोडत जाणं इतक्या जवळून ऐकायचं म्हणजे छाती लागते. पण त्यातल्या 'कांगा रू' या गाण्याची एक गोष्ट टेपवाल्या माणसाला सांगितल्यावाचून राहवत नाही. चिल्टनने एका रात्री बारा तारांची गिटार आणि आवाज दोन्ही एकाच ट्रॅकवर घेतलं. आता ते वेगळं करताच येणार नाही. आवाज वर घेतला की गिटारही वर येणार. ती टेप त्याने डिकिन्सनसमोर ठेवली, की प्रोड्यूसर म्हणवतोस ना, मग कर याचं काहीतरी. डिकिन्सनने त्या न सुटणाऱ्या गाठीभोवती एकेक वाद्य बांधत गाणं उभं केलं. आमच्या साहेबांना मी हे सांगितलं असतं तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले असते.

चिल्टन १७ मार्च २०१० ला न्यू ऑर्लिन्सला गेला. हमल त्याच वर्षी जुलैत. मे महिन्यात ओव्हर्टन पार्कमधल्या शेलवर, जिथे १९५४ साली एल्विसने सुरुवातीचा कार्यक्रम केला होता, त्याच उघड्या रंगमंचावर चिल्टनसाठी कार्यक्रम झाला. आम्ही सगळे गवतावर चादर अंथरून बसलो होतो. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची, 'थर्टीन' चालू असताना माझ्या मांडीवर झोपली. जॉन फ्राय डिसेंबर २०१४ मध्ये गेला. आता जोडी स्टीफन्स तेवढा उरला.

तर यंदाचं.

शेजाऱ्यांकडे एक स्पूल आहे, डब्यावर पेनने '१९७२' एवढंच लिहिलेलं. त्या वर्षी पहिली रेकॉर्ड दुकानात मिळेना, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने कुणाकडून तरी एका रात्रीपुरती मागून आणली. रेकॉर्ड प्लेअरमधून वायर काढायची सोय नव्हती, म्हणून स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवून दोघा भावांनी ती टेपवर घेतली. त्यामुळे त्या टेपवर गाण्यांसोबत ती खोलीही आहे. मधेच खुर्ची करकरते. बाहेरून एक ट्रक जातो. आणि पहिली बाजू संपते, 'द इंडिया साँग' विरतं, सुई उचलल्याचा खरखरीत आवाज येतो आणि भाऊ विचारतो, "दुसरी बाजू लावू?"

भाऊ १९९० साली गेला. त्याचा आवाज असलेली दुसरी कुठलीही गोष्ट घरात नाही. रेकॉर्ड शेजाऱ्यांनी पुढे विकत घेतली, कोपरा कापून स्वस्तात काढलेल्या मालातली, तीही तिथेच फळीवर आहे. पण २८ डिसेंबरला वाजते ती टेपच, वर्षातून एकदा. भावाचा प्रश्न आला की शेजारी यंत्राकडे बघत म्हणतात, "लाव." पहिल्या वर्षी मला वाटलं होतं ते माझ्याशी बोलताहेत.

यंदा मी वांग्याचं भरीत नेलं होतं. वांगी त्यांच्याच बार्बेक्यूच्या धुरावर भाजली होती, हिकरीच्या लाकडावर. आमच्याकडे पऱ्हाट्यांवर भाजतात त्याची चव वेगळी, पण ही चवही मला आता माझी वाटते. ताटल्या हातात, गाणी चालू. 'द इंडिया साँग' अर्ध्यावर आलं आणि 'फट्' झालं. टेप तुटली. उजवी चकती मोकळी फिरायला लागली आणि टेपचं टोक बाकावर सपासप आपटत राहिलं.

मी यंत्र बंद केलं. कुणी काही बोललं नाही. शेजाऱ्यांचे हात दोन वर्षांपासून थरथरतात. चहाचा कप त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागतो. त्यांनी खण उघडून चिकटपट्टीची गुंडाळी, खाचेची पट्टी आणि ब्लेडचं पाकीट काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि बाजूला सरकले.

मी आधी टोकं उजेडात धरून पाहिली. नशीब, जुनी ॲसिटेटची टेप. प्लास्टिकची नंतरची टेप तुटण्याआधी ताणली जाते, शेवयासारखी लांबते, तेवढं गाणं गेलंच म्हणून समजा. ॲसिटेट काचेसारखी मोडते, स्वच्छ. दोन्ही टोकं एकमेकांत बरोबर बसणारी. म्हणजे कापायचं काहीच नव्हतं, एक सूरही घालवायचा नव्हता. पण टेप इतकी कडक झाली होती की बोटाच्या दाबाने पुन्हा तुटेल. बोटं पुसून घेतली, भरिताचं तेल होतं. एक टोक खाचेत बसवलं. दुसरं. मधली फट दिसेनाशी होईतो सरकवलं. चकचकीत बाजू वर, कारण चिकटपट्टी नेहमी पाठीवर लावायची, आवाज पोटात असतो. पट्टी तिरकी ठेवली, नखाने हळू दाबत बुडबुडा काढला आणि कडेला जास्तीचं आलेलं ब्लेडने कापलं. एवढ्याला फार तर चार मिनिटं लागली असतील. सत्तावीस वर्षांनी केलं. कान मात्र मागे कुणीतरी उभं आहे असं धरून होते, "घाई नको" म्हणणारं.

टेप ओवली. हाताने थोडी मागे घेतली. यंत्र सुरू केलं.

गाणं आलं. सांधा हेडवरून गेला तो मला दिसला, ऐकू आला नाही. मोठं पांढरं घर, पियानो, मग सगळं हळूहळू मावळलं. सुई उचलली गेली. खोलीतली शांतता, पन्नास वर्षांपूर्वीची, गॅरेजभर झाली.

"दुसरी बाजू लावू?"

आम्ही सगळ्यांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. टेप तशीच फिरत होती, तिला थांबायचं ठाऊक नव्हतं.

"लाव," मी म्हणाले. मराठीतच.

सुई टेकली.